वेल्डिंग मशीनचे पाणी : कूलंटची निवड, वापर आणि घ्यावयाची काळजी

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, अस्तित्वात आली आणि पाहता पाहता पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी हा सगळा परिसर कारखान्यांनी भरून गेला. आपले मोशी गाव १९९७ साली महापालिकेत आले. पुढे नाशिक रस्त्याने चाकणपर्यंत मोटारींचे मोठे कारखाने उभे राहिले. १९७२ च्या दुष्काळानंतर आणि त्यापुढच्या काळात मराठवाडा, सोलापूर, अहमदनगर भागातून पोटासाठी आलेली आपल्या समाजातील अनेक कुटुंबे याच पट्ट्यात स्थिरावली. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या हाती पहिले काम आले ते हेल्परचे आणि पुढे वेल्डरचे. आज त्यांची मुले आयटीआय करून त्याच धंद्यात उतरत आहेत, काही जण स्वतःचे छोटे फॅब्रिकेशन वर्कशॉप थाटत आहेत.

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असून बँकेत लिपिक आहे. तेव्हा वेल्डिंगवर त्याने काय लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, वर्कशॉपसाठी होणाऱ्या कर्जाच्या फायली आमच्या टेबलावरून जातात. त्यांतील प्रकल्प अहवालात मशीनची किंमत असते, शेडचे भाडे असते, आर्गन वायूच्या सिलिंडरची अनामत असते, विजेचे बिलही असते. पण पाण्याने थंड होणाऱ्या मशीनमध्ये जे पाणी घालायचे, त्याची ओळ क्वचितच दिसते. आणि हप्ते थकू लागल्यावर चौकशी केली, तर दुरुस्तीच्या खर्चात वारंवार एकच नाव निघते : टॉर्च जळाली. एका छोट्या वर्कशॉपात एका वर्षात तीन टॉर्च बदलल्या गेल्या. दर वेळी दोष ‘डुप्लिकेट माल’ या सबबीवर ढकलला गेला. शेवटी एका जुन्या मिस्त्रींनी टाकीचे झाकण उघडून आत बोट फिरवले, तेव्हा बोटाला पांढरा चुना आणि हिरवे शेवाळ लागले. टाकीत दोन वर्षे बोअरचे पाणी होते.

अशा मिस्त्रींकडून, मशीनबरोबर येणाऱ्या पुस्तिकांतून आणि वाचनातून जे समजले, ते सोप्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

पाणी कशासाठी लागते?

वेल्डिंगच्या ठिणगीचे, म्हणजे आर्कचे तापमान पाच हजार अंश सेल्सिअसच्याही वर असते. टिग वेल्डिंगमध्ये टंगस्टनची सळई वापरतात, कारण ते सुमारे ३,४०० अंशांपर्यंत वितळत नाही. परंतु ती सळई धरणारे टॉर्चचे डोके तांब्या-पितळेचे असते आणि तांबे १,०८५ अंशांनाच वितळते. म्हणजे वेल्डरच्या हातापासून काही बोटांच्या अंतरावर, तांब्याला पाणी करील अशी उष्णता सतत निर्माण होत असते. ती कोणीतरी वाहून न्यायला हवी.

कमी करंटवर हे काम हवा आणि वाहता आर्गन करतात. बाजारात ज्यांना १७ नंबर व २६ नंबर टॉर्च म्हणतात, त्या हवेवर थंड होणाऱ्या असून साधारण १५० व २०० अँपिअरपर्यंत चालतात. त्यापुढे जाड ॲल्युमिनियमवर किंवा जाड स्टेनलेसवर दिवसभर काम करायचे असेल, तर १८ किंवा २० नंबरसारखी पाण्याची टॉर्च लागते. मिग किंवा सीओटू वेल्डिंगमध्येही ३०० अँपिअरच्या पुढे सलग काम असेल तर बहुधा पाण्याची टॉर्च घेतात. मोटारीचा सांगाडा जोडणाऱ्या स्पॉट वेल्डिंगच्या गनमध्ये तर पाणी असतेच. तिथे तांब्याच्या टोकांच्या आतून पाणी खेळवले नाही तर ती टोके काही वेळात पसरट होऊन जातात.

येथे नवउद्योजकांना पहिली सूचना : आपले काम खरोखर २०० अँपिअरच्या वरचे आहे काय, ते आधी पाहावे. ग्रिल, खिडक्या, स्टेनलेसचे पातळ रेलिंग एवढेच काम असेल, तर पाण्याची टॉर्च आणि कूलर घेण्याची गरजच नाही. गरज नसताना मोठे यंत्र घेणे आणि त्याचे व्याज भरत राहणे यात शहाणपण नाही.

पाणी कसे फिरते?

यंत्राच्या खाली किंवा शेजारी एक टाकी असते. तिच्यातून पंप पाणी उचलतो. बहुधा निळ्या नळीतून ते टॉर्चच्या डोक्यापर्यंत जाते, तेथील उष्णता घेते आणि लाल खुणेच्या नळीतून परत येते. मग पंखा लावलेल्या रेडिएटरमधून निवून पुन्हा टाकीत पडते. तेच ते पाणी दिवसभर पुन्हा पुन्हा फिरते.

यात एक गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावी. पाण्याच्या टिग टॉर्चमध्ये वीज वाहून नेणारी तांब्याची केबल बहुधा परतीच्या पाण्याच्या नळीतूनच येते. केबल पाण्यात बुडालेली असल्यामुळे ती बारीक असूनही मोठा करंट सोसते आणि टॉर्च हाताला हलकी लागते. पण याचा दुसरा अर्थ असा की, पाणी थांबले की केवळ डोकेच नव्हे, तर ही केबलही थोड्या वेळात जळते. टॉर्च जळण्यामागे अनेकदा हेच कारण असते.

किती पाणी लागते? हिशेब सोपा आहे. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल आणि त्याने एक किलोवॉट उष्णता उचलली, तर ते सुमारे १४ अंशांनी तापते. गाळ साचून हाच प्रवाह अर्धा लिटरवर आला, तर तेच पाणी २८ अंशांनी तापेल. चैत्र-वैशाखात पत्र्याच्या शेडमध्ये हवाच ४० अंशांची असते, आणि साध्या रेडिएटरच्या कूलरला शेडमधील हवेपेक्षा पाणी थंड करता येत नाही. म्हणजे टॉर्चमधून परतणारे पाणी ७० अंशांच्या पुढे जाणार. नळ्या मऊ पडतात, सांधे सुटतात, पंप थकतो. म्हणून प्रवाह टिकवणे हेच सगळ्या काळजीचे सार आहे.

नळाचे आणि बोअरचे पाणी का चालत नाही?

‘आम्ही जे पाणी पितो ते मशीनला का चालू नये?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आयएस १०५०० हे आहे. त्यानुसार पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, ज्याला टीडीएस म्हणतात, ते लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत; दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंतही चालवून घेतले जातात. माणसाच्या शरीराला काही क्षार हवेच असतात. यंत्राला त्यांचा काडीचा उपयोग नाही, उलट त्रासच आहे. तो त्रास चार प्रकारचा :

१. चुना धरणे. पाणी तापले की त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार आतून चिकटतात. स्टोव्हवरच्या पातेल्यात, गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर दिसतो तोच हा. हा थर तांब्याच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी उष्णता वाहतो. शिवाय टॉर्चमधील वाट मुळातच अरुंद असते, ती आणखी आवळली जाते.

२. गंज आणि झीज. टॉर्चमध्ये तांबे व पितळ, रेडिएटरमध्ये कधी ॲल्युमिनियम, सांध्यांत लोखंड, असे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात असतात. क्षारयुक्त पाण्यात असे दोन धातू एकत्र आले की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि त्यांतला एक धातू झिजू लागतो. पाण्यातील क्लोराइड ही झीज वाढवते.

३. विजेची गळती. क्षार असलेले पाणी वीज वाहते. टिग मशीन आर्क पेटवताना उच्च वारंवारितेची वीज सोडते, तिला कामगार ‘एचएफ’ म्हणतात. पाणी क्षारयुक्त असेल तर या विजेचा काही भाग पाण्यातूनच निसटतो. आर्क पटकन पेटत नाही आणि पाण्यात विद्युत-विघटन होऊन गाळ तयार होतो.

४. शेवाळ. कोमट पाणी आणि पारदर्शक नळीतून येणारा उजेड, यापेक्षा शेवाळाला आणखी काय हवे?

आपला भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाचा. त्यातील बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. साबणाला फेस न येणे ही त्याची घरगुती खूण. महापालिकेचे पाणी नदीचे असल्याने त्यामानाने हलके असते, पण तेही यंत्रासाठी पुरेसे शुद्ध नव्हे. काही जण घरच्या आरओ मशीनमधून निघणारे वाया जाणारे पाणी वर्कशॉपात वापरतात. ते तर मूळ पाण्याहूनही अधिक क्षारांचे असते. ते चुकूनही घालू नये.

मग कोणते पाणी घ्यावे?

उत्तर आपल्या शेजारीच आहे. बॅटरीच्या दुकानात व पेट्रोल पंपावर कॅनमध्ये मिळणारे डिस्टिल्ड किंवा डीएम वॉटर, म्हणजे क्षार काढून टाकलेले पाणी. बॅटरीच्या पाण्यासाठी आयएस १०६९ हे वेगळे भारतीय मानक आहे. तो उल्लेख असलेला, झाकण सीलबंद असलेला कॅन घ्यावा. शंका असल्यास टीडीएस मीटरने तपासावे. पेनाएवढे हे यंत्र काही शे रुपयांत मिळते. चांगल्या डीएम पाण्यात आकडा एकेरी किंवा फार तर दहाच्या आसपास दिसावा. दीडशे-दोनशे दिसला तर कॅनवर काहीही छापलेले असो, ते पाणी साधे आहे असे समजावे. एसीच्या पाइपमधून ठिबकणारे पाणी क्षारांच्या दृष्टीने कमी असते खरे, परंतु त्यात धूळ, जंतू व कॉइलवरचे धातूचे कण येतात. त्यावर भरवसा ठेवू नये.

नुसते शुद्ध पाणी पुरे आहे काय?

थोड्या काळासाठी चालते, कायमसाठी नाही. अगदी शुद्ध पाणी ‘भुकेले’ असते. ते हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि ज्या धातूला स्पर्श करते त्याचे कण हळूहळू उचलू लागते. त्यात शेवाळ रोखण्याची शक्ती नसते आणि पंपाच्या सीलला वंगणही मिळत नाही. म्हणून वेल्डिंगसाठी बनवलेल्या खास कूलंटमध्ये तीन गोष्टी असतात : शुद्ध पाणी, ग्लायकॉलसारखा एक द्रव आणि गंज व शेवाळ रोखणारी द्रव्ये. हे सर्व मिसळूनही विजेचे वहन कमी राहील अशी त्याची घडण असते. खरेदी करताना लेबलवर ‘वेल्डिंगसाठी’ आणि ‘लो कंडक्टिव्हिटी’ असा उल्लेख आहे काय ते पाहावे. मशीनच्या पुस्तिकेत कंपनीने विशिष्ट कूलंट सांगितले असेल, तर वॉरंटीच्या काळात तरी तेच वापरावे. अन्यथा तक्रार नाकारली जाण्याची शक्यता असते.

थंड देशांतील पुस्तिकांत पाणी गोठू नये म्हणून पन्नास टक्के ग्लायकॉल घालण्याची सूचना असते. असे मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. पण मोशीत पौष महिन्याच्या पहाटेही पारा साधारण आठ-दहा अंशांवर थांबतो. येथे गोठण्याची भीती नाही. उलट ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता उचलते, त्यामुळे ते गरजेपेक्षा अधिक घातले तर थंड करण्याची शक्ती कमीच होते. ‘जास्त घातले म्हणजे जास्त चांगले’ हा हिशेब येथे चालत नाही. तयार मिश्रण असेल तर त्यात काही मिसळू नये. दाट कूलंट असेल तर लेबलवरील प्रमाणातच आणि डीएम पाण्यातच मिसळावे.

‘कूलंट’ या एकाच नावाचा घोटाळा

आपल्या पट्ट्यात ‘कूलंट’ या शब्दाला तीन अर्थ आहेत आणि त्यातून पुष्कळ नुकसान होते.

पहिले, सीएनसी आणि लेथवरचे दुधासारखे पांढरे कूलंट. ते पाण्यात मिसळणारे तेल असते. ते वेल्डिंगच्या टाकीत घातल्यास तेलाचा चिकटा बसतो, रबरी भाग फुगतात आणि पाण्याची वाट बंद होते.

दुसरे, गाडीच्या रेडिएटरमधील हिरवे, लाल किंवा निळे कूलंट. हे घालण्याचा मोह सर्वांत जास्त, कारण ते कोपऱ्यावरच्या गॅरेजात मिळते. मात्र गाडीच्या इंजिनात कूलंटमधून वीज वाहण्याचा प्रश्न नसतो. त्यामुळे त्यातील गंजरोधक क्षार वीज चांगलीच वाहतात. काहींमध्ये गळती बुजवणारे कण असतात. ते रेडिएटरचे छिद्र बुजवण्यासाठी असतात, पण टॉर्चची अरुंद वाटही तितक्याच इमानाने बुजवतात.

तिसरे, वेल्डिंगचे कूलंट. आपल्याला हवे ते हेच. रंग पाहून कधीही ओळखू नये. रंग हा केवळ गळती दिसावी म्हणून घातलेला असतो. एका कंपनीचे निळे दुसऱ्या कंपनीच्या निळ्यात मिसळू नये. दोहोंतील द्रव्यांचे पटले नाही तर साखा बसतो.

भरण्याची आणि तपासण्याची पद्धत

जुने पाणी बदलताना प्रथम मशीनचा मेन स्विच बंद करावा. पाणी आणि वीज शेजारी-शेजारी आहेत हे क्षणभरही विसरू नये. टाकी रिकामी करून डीएम पाण्याने भरावी, दहा-पंधरा मिनिटे नुसता पंप चालवावा आणि ते पाणीही काढून टाकावे. गाळणी धुवावी, मगच नवे कूलंट भरावे. सुरुवातीला दोन-तीन मिनिटे आर्क न पेटवता पंप चालवल्यास नळीत अडकलेली हवा निघून जाते. काम संपल्यावरही पंप लगेच बंद न करता काही मिनिटे चालू ठेवावा. साधारणपणे सहा महिने ते एक वर्षाने कूलंट बदलावे; पुस्तिकेत वेगळी मुदत असल्यास ती पाळावी.

रोज सकाळी तीन गोष्टी पाहाव्यात : टाकीतील पातळी, परतीचा प्रवाह आणि सांध्यांवरचा ओलावा. महिन्यातून एकदा परतीची नळी बाटलीत सोडून एका मिनिटात किती पाणी येते ते मोजावे. टॉर्चच्या पुस्तिकेत किमान प्रवाह दिलेला असतो, बहुधा मिनिटाला एक लिटरच्या आसपास. बाटली आणि घड्याळ एवढ्यावर ही परीक्षा होते. रेडिएटरच्या जाळीत ग्राइंडिंगची धूळ बसते, ती हवेने उडवावी.

पातळी कमी झाली तर काय घालावे, यातही विचार हवा. पाणी वाफेने उडाले असेल तर फक्त पाणीच गेलेले असते, ग्लायकॉल मागे राहते. तेव्हा डीएम पाणी घालावे. गळतीने कमी झाले असेल तर पाणी व कूलंट दोन्ही गेलेले असते. तेव्हा आधी गळती बंद करावी आणि मग तयार मिश्रण घालावे. बिनरंगी पाण्याला निळसर-हिरवी झाक आली तर तांबे विरघळू लागले आहे असे समजावे. बुळबुळीतपणा किंवा कुबट वास आला तर शेवाळ व जंतू वाढले आहेत. दोन्ही वेळा सगळे पाणी बदलणे हाच उपाय.

काही कूलरमध्ये प्रवाह कमी झाल्यास मशीन बंद पाडणारा फ्लो स्विच असतो. तो वारंवार मशीन बंद करतो म्हणून त्याच्या वायरी ‘डायरेक्ट’ करण्याची खोड अनेक ठिकाणी दिसते. हे म्हणजे दाराशी भुंकणाऱ्या राखणदाराला हाकलून देण्यासारखे आहे. स्विच खोटे बोलत नाही. पाणी कमी आहे एवढेच तो सांगत असतो.

पावसाळ्यात आणखी एक काळजी. ज्यांच्याकडे चिलर आहे, त्यांनी पाणी गरजेपेक्षा थंड ठेवू नये. आषाढ-श्रावणात हवा इतकी दमट असते की थंड टॉर्चवर, थंड पाण्याच्या ग्लासावर धरावे तसे दव धरते. ते ओलावे आर्कमध्ये गेले की वेल्डमध्ये बारीक छिद्रे पडतात, विशेषतः ॲल्युमिनियममध्ये. पाण्याचे तापमान शेडमधील हवेइतके असणे पुरेसे आहे. टॉर्चमधील बारीक गळतीनेही अशीच छिद्रे पडतात. तेव्हा आर्गनला किंवा वेल्डरच्या हाताला दोष देण्यापूर्वी टॉर्च एकदा तपासावी.

जिवाशी गाठ

आतापर्यंत यंत्राच्या नुकसानीविषयी लिहिले. यापेक्षा मोठी गोष्ट माणसाच्या जिवाची आहे. अनेक कूलंटमध्ये असणारे एथिलीन ग्लायकॉल हे विष आहे आणि त्याची चव गोड असते. मोठ्या माणसालाही सुमारे १०० मिलिलिटर पोटात गेल्यास मृत्यू येऊ शकतो. लहान मुलाला त्याहून पुष्कळ कमी पुरते. प्रारंभी माणूस दारू प्याल्यासारखा वाटतो, म्हणून दुर्लक्ष होते. पुढच्या एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडे निकामी होतात.

या रसायनाच्या भाऊबंदाची ओळख महाराष्ट्राला दुःखद रीतीने झालेली आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉलची भेसळ निघाली आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. दिसायला निर्मळ, चवीला गोड अशा द्रवात काय असू शकते, याचा तो धडा होता.

आपल्या वस्त्यांत वर्कशॉप आणि घर यांच्यामध्ये अनेकदा एक पत्राच असतो. उरलेले निळे-हिरवे कूलंट शीतपेयाच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवले जाते. मुलाने ते सरबत समजून तोंडाला लावले तर? म्हणून कूलंट त्याच्या मूळ कॅनमध्येच, लेबलासह, कुलपात ठेवावे. पिण्याच्या पाण्याचा जार आणि डीएम पाण्याचा कॅन शेजारी ठेवू नयेत. भरताना हातमोजे व चष्मा वापरावा. डोळ्यात उडाल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने निदान १५ मिनिटे धुवावे. पोटात गेल्याची शंका जरी आली, तरी लक्षणांची वाट न पाहता, कोणताही घरगुती उपाय न करता, कूलंटचा कॅन सोबत घेऊन तडक मोठ्या रुग्णालयात जावे. यावर उतारा आहे, पण तो डॉक्टरांकडेच आणि वेळेवर गेले तरच. प्रॉपिलीन ग्लायकॉलचे कूलंट त्यामानाने बरेच कमी विषारी असते. घराला लागून वर्कशॉप असलेल्यांनी मिळाल्यास तेच घ्यावे. मात्र तेही पिण्याचे नव्हे.

वापरलेले कूलंट टाकायचे कुठे?

बहुतेक ठिकाणी ते शेडमागच्या गटारात जाते. मोशीचे गटार शेवटी इंद्रायणीला मिळते. देहूवरून येणारी ही नदी मोशीजवळून आळंदीला जाते आणि तुळापूरला भीमेत मिसळते. अलीकडच्या वर्षांत आळंदीच्या घाटाजवळ नदीवर पांढरा फेस तरंगताना सर्वांनी पाहिला आहे. त्याला मुख्यतः सांडपाणी आणि कारखान्यांचे रसायनयुक्त पाणी कारणीभूत आहे. एका छोट्या वर्कशॉपची पाच-दहा लिटरची टाकी त्यात नगण्य वाटेल. पण ग्लायकॉल पाण्यात कुजताना पाण्यातील प्राणवायू खाते आणि वापरलेल्या कूलंटमध्ये तांब्याचे अंशही असतात. दोन्ही गोष्टी माशांना घातक आहेत. आणि अशी वर्कशॉप एक-दोन नाहीत.

ज्या समाजाने २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी संघर्ष केला, त्याला पाण्याचे मोल कुणी सांगायला नको. वापरलेले कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये, ‘वापरलेले’ असे लिहून साठवावे. ज्या कारखान्याचे काम आपण जॉबवर करतो, त्याच्याकडे घातक कचरा अधिकृतपणे उचलून नेण्याची व्यवस्था बहुधा असते. त्यांच्याशी बोलून आपलाही कॅन त्यात देता येतो काय ते विचारावे. चार-पाच वर्कशॉपवाल्यांनी मिळून मान्यताप्राप्त संस्थेला बोलावले, तर खर्चही वाटला जातो.

विद्यार्थी मित्रांसाठी

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने कामाचा आठवडा ४८ तासांवर आला. २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी आपल्या जवळच्याच देहूरोड येथील विहारात बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. या दोन घटना वरवर वेगळ्या दिसल्या, तरी दोहोंच्या मुळाशी कष्टकरी माणसाने ताठ मानेने आणि डोळसपणे जगावे हीच इच्छा होती.

कारखान्यात हेल्पर आणि तंत्रज्ञ यांच्यात फरक कशाचा असतो? हेल्परला ‘पाणी घाल’ असे सांगितले जाते आणि तो घालतो. तंत्रज्ञ ‘कोणते पाणी, किती आणि का’ असे विचारतो. हे विचारण्यासाठी मोठी पदवी लागत नाही. कामाच्या पहिल्या दिवशीच सुपरवायझरना नम्रपणे विचारावे : टाकीत कोणते कूलंट आहे? ते केव्हा बदलले? फ्लो स्विच चालू आहे काय? उत्तरे वहीत तारखेसह लिहून ठेवावीत. मुलाखतीत अशी वही दाखवणारा उमेदवार लक्षात राहतो.

संस्थेसही एक विनंती आहे. अभ्यासिकेत एक टीडीएस मीटर आणि एक मोजमापाची बाटली ठेवावी. सभासदांपैकी जे वर्कशॉप चालवतात त्यांनी महिन्यातून एकदा आपल्या टाकीचे पाणी आणून तपासावे, आणि आयटीआयच्या मुलांनी ते तपासून द्यावे. खर्च नाममात्र आहे; पण मुलांच्या हाताला मापाची सवय लागेल आणि एखादी टॉर्च, एखादा हप्ता, कदाचित एखादा जीवही वाचेल.

तथागतांनी महापरिनिर्वाणापूर्वी भिक्खूंना जो अखेरचा उपदेश केला तो अप्रमादाचा, म्हणजे गाफील न राहण्याचा होता. तो विहारात जितका खरा, तितकाच पत्र्याच्या शेडमध्ये, टाकीचे झाकण उघडतानाही खरा आहे. आपल्या सर्व कष्टकरी बंधू-भगिनींचे हात, डोळे आणि संसार सुरक्षित राहोत, ही सदिच्छा.

नमो बुद्धाय! जय भीम!